बुधवार कोणी घ्यायचा नाही

बिबवेवाडीतल्या आमच्या पोळीभाजी केंद्रात रोज दुपारी एक निवृत्त गृहस्थ येतात. हातात कापडी पिशवी, पिशवीत स्टीलचा डबा आणि चेहऱ्यावर आपण उपकार करायला आलो आहोत असा भाव. ते आधी काउंटरमागे कोण उभं आहे ते बघतात आणि मग विचारतात, “आज कोणाचं राज्य?” सोमवार किंवा गुरुवार असेल तर माझ्या भावाचं, मंगळवार किंवा शुक्रवार असेल तर माझं, आणि बुधवार किंवा शनिवार असेल तर माझ्या धाकट्या बहिणीचं. त्यांनी पहिल्यांदा हे विचारलं तेव्हा मला राग आला होता. मी म्हटलं, राज्य नाही, दुकान आहे हे. ते म्हणाले, मी तेच म्हणतोय, पण ते दुकानाला कळायला नको का? पुढे त्यांचा राग येईनासा झाला, कारण त्यांचं काही चुकत नव्हतं.

केंद्र आईनं सुरू केलं. आम्ही शाळेत असताना तिनं शेजारच्या दोन विद्यार्थ्यांना डबा द्यायला सुरुवात केली, मग त्यांच्या मित्रांना, आणि आमचं स्वयंपाकघर आम्हालाच पुरेनासं झाल्यावर रस्त्याकडेचा गाळा घेतला. वडील नोकरी करायचे आणि केंद्राबद्दल कोणी काही विचारलं तर “मालकीणबाईंना विचारा” म्हणून पेपरात डोकं घालायचे. ते गेल्यावरही त्यात काही फरक पडला नाही. आईचा शब्द शेवटचा होता. ती रोजच्या घाण्यातली एक पोळी बाजूला काढून ठेवायची आणि संध्याकाळी ती गार पोळी नुसती चावून बघायची. डब्यातली पोळी माणूस गारच खातो, मग ती गरम चाखून काय उपयोग, असं तिचं म्हणणं. गार पोळी वातड लागली की दुसऱ्या दिवशी कणीक तिंबणाऱ्या बाईची खैर नसे. आम्हा तिघांपैकी कोणी मधे बोललं तर ती म्हणायची, तुम्ही अजून शिकताय. तेव्हा दादाच्या डोक्यावरचे निम्मे केस पांढरे झाले होते.

दादा आधी भोसरीला कारखान्यात होता. तो कारखाना बंद पडला आणि तो मार्केट यार्डातून भाजी आणायला लागला, तो आणतच राहिला. मी लग्न होऊन दोन गल्ल्या सोडून राहायला गेले, म्हणजे सुटलेच नाही. धाकटी खराडीला एका मोठ्या कंपनीत होती, चांगली कातडी बॅग वगैरे घेऊन जायची. आईचा गुडघा गेला तेव्हा ती सहा महिन्यांची म्हणून रजा घेऊन आली आणि परत गेलीच नाही. आमच्यात हे काम खरं जमतं ते तिला. दादाला भाजी कळते, मला पोळी कळते, आणि धाकटीला दुकान कळतं. हे मला ठाऊक होतं, दादाला ठाऊक होतं आणि आईला तर आमच्या आधीपासून ठाऊक होतं.

तरी वार पडले. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी तिला यापुढे ओट्यापाशी उभं राहायचं नाही असं बजावलं. दुसऱ्या दिवशी तिनं आम्हा तिघांना एकदम दवाखान्यात बोलावलं. आम्हाला वाटलं, आता नाव घेणार. तिनं बिनसाखरेचा चहा संपवला, कप खाली ठेवला आणि दोन दोन वार वाटून दिले. तिच्या माहेरच्या गावात देवळाची पूजा गुरवांच्या तीन घरांत पाळीपाळीनं चालते. ज्याची पाळी त्याच्याकडे किल्ली, आणि तो सांगेल ती पूर्व दिशा. पाळी संपली की किल्ली दुसऱ्या घरी. कित्येक पिढ्या चाललंय, भांडण नाही. तसंच इथं. ज्याचा वार त्याचा शब्द.

“देवाला चालतं, तर पोळीभाजीला चालेल,” ती म्हणाली.

मी मनात म्हटलं, देवाचं बरं आहे, तो डबा परत करत नाही. पण दवाखान्यात, पाय पट्ट्यांनी बांधलेल्या आईशी कोण वाद घालणार? आणि ती असं का करत होती तेही मला माहीत होतं. तिघांमध्ये मलाच ते नीट माहीत होतं, कारण भाऊबीजेला ती मलाच बरोबर न्यायची.

आईच्या वडिलांचं गावात किराणा मालाचं दुकान होतं. जाताना त्यांनी दोन मुलांपैकी धाकट्याचं नाव घेतलं. दुकान हा बघेल, म्हणाले. धाकटा मामा हिशेबाला चोख होता, म्हणजे त्यांचं काही चुकलं असं नाही. पण थोरल्या मामानं तेराव्यानंतर गवंडी बोलावला आणि घराच्या मधोमध भिंत घातली. पुढच्या वर्षी भिंतीच्या त्याच्या बाजूला दुसरं किराणा दुकान सुरू झालं. दोघे भाऊ मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. आई दोघांची एकुलती बहीण. भाऊबीजेला ती आधी थोरल्याकडे ओवाळायची, तिथं पाटावर बसून साग्रसंगीत जेवायची, आणि मग भिंतीला वळसा घालून धाकट्याकडे जाऊन पुन्हा तितकंच जेवायची. मला न्यायची कारण मी खादाड होते. वळसा घालताना ती मला दर वर्षी तेच सांगायची: तिकडे जेवलो असं इकडे म्हणायचं नाही, कोणी विचारलं तर भूक लागली म्हणायचं. दोन्ही मामी आग्रह करकरून वाढायच्या. एका वर्षी दोन्हीकडे बासुंदी होती. परतीच्या एसटीत आईला उलटी झाली. पदरानं तोंड पुसत ती कंडक्टरला म्हणाली, मला गाडी लागते. आईला कधीच गाडी लागत नव्हती.

त्यामुळे तिनं वार वाटले तेव्हा मी दादाकडे पाहिलं, दादानं धाकटीकडे, आणि तिघांनीही बरं म्हटलं.

पहिल्या महिन्यात मजाच आली. आपापल्या दिवशी आईच्या खुर्चीवर बसायला मिळतं याचंच अप्रूप. दादाच्या दिवशी बटाटा हमखास असायचा, कारण बटाट्यावर त्याचा माणसांपेक्षा जास्त विश्वास. रस्सा झणझणीत. माझ्या दिवशी पोळ्या पातळ आणि भाजी मात्र, लोक म्हणतात, पथ्याची. धाकटीच्या दिवशी ज्वारीची भाकरी, मोडाची उसळ, कोशिंबीर, आणि डब्यावर त्या दिवशी काय काय आहे त्याची चिठ्ठी. गिऱ्हाइकांनी आम्हाला आठवड्याच्या आत ओळखलं. पित्ताचा त्रास असलेले सोमवार-गुरुवार टाळायला लागले. कॉलेजची मुलं माझा वार टाळायला लागली. एका बाईंनी फोन करून विचारलं की बुधवारची उसळ मंगळवारी मिळेल का. मी म्हटलं, मिळणार नाही, आमच्याकडे सीमा बंद आहे.

थट्टा पुरली ती तेवढाच काळ. पुढे अडचण वेगळीच झाली. सोप्या गोष्टी ज्याच्या त्याच्या दिवशी होऊन जायच्या. अवघड गोष्ट मात्र प्रत्येक जण दुसऱ्याच्या दिवसावर ढकलायचा. आमच्याकडची सगळ्यात जुनी पोळ्या करणारी बाई एकदा माझ्यासमोर कमरेला पदर खोचून उभी राहिली. तिला दिवाळीनंतर दोन आठवडे गावाला जायचं होतं. मी हो म्हटलं. ती हलेना.

“ताई, तुमी हो म्हनलात. उद्या दादा न्हाई म्हनले तर मी जायाचं का ऱ्हायाचं?”

उद्या शनिवार, धाकटीचा वार, सोमवारी दादाचा, असं काहीतरी मी बोलत राहिले. बोलता बोलता माझं मलाच ते ऐकू आलं. शेवटी ती तिघांकडून तीन दिवशी तीनदा होकार घेऊन गेली. देवळातसुद्धा एका पूजेसाठी तिन्ही गुरवांच्या पाया पडावं लागत नाही.

पोळी लाटायच्या यंत्राचं तर विचारू नका. धाकटीनं ते एका बुधवारी चाचणीसाठी आणून बसवलं. बायकांचे खांदे दुखतात, वयं झाली, नव्या बाया मिळत नाहीत, हे तिचं म्हणणं अगदी रास्त होतं. गुरुवारी दादा आला, त्यानं यंत्राला प्रदक्षिणा घातली आणि घरून जुनी चादर आणून त्यावर पांघरली. यंत्राची पोळी पुठ्ठ्यासारखी लागते, हेही रास्त होतं. शुक्रवार माझा. चादर काढावी तर दादाचा अपमान, राहू द्यावी तर धाकटीचा. मी चादरीच्या घड्या जरा नीट केल्या आणि तिच्याकडे पाठ करून दिवसभर काम केलं. शनिवारी धाकटीनं आल्या आल्या चादर काढली, घडी घालून दादाच्या खणात ठेवली. महिनाभर ते यंत्र आठवड्यातून दोन दिवस चाललं आणि बाकीचे दिवस झोपलं. मग कंपनीचा माणूस येऊन ते घेऊन गेला. जाताना त्यानं विचारलं, पण तक्रार नक्की काय आहे मॅडम? त्या दिवशी वार माझाच होता, त्यामुळे सांगायचीही जबाबदारी माझी. मी त्याला चहा दिला.

कोणी म्हणेल, मग भांडला का नाहीत? तेच तर झालं नाही. कडकडून भांडलो असतो तर काहीतरी निकाल लागला असता. आम्ही फार सांभाळून वागत होतो. दादा माझ्या दिवशी मला विचारल्याशिवाय डाळीचं झाकणही काढायचा नाही. धाकटी दादाच्या दिवशी गिऱ्हाइकानं नवीन काही मागितलं तर म्हणायची, दादांना विचारून सांगते. आईला संध्याकाळी कोणी काही सांगायला गेलं की ती आधी विचारायची, वार कोणाचा होता? आणि मग म्हणायची, त्याला विचार.

खराडीचं काम धाकटीनं एकटीनं जुळवून आणलं होतं. तिच्या जुन्या ओळखीतून एका कंपनीला रोज दुपारचं जेवण पुरवायचं, घरच्यासारखं, बाहेरच्या कॅन्टीनला कंटाळलेली माणसं. त्यासाठी ती कितीदा तिकडे गेली असेल, वाहतुकीतून दीड-दीड तास, आणि परत येऊन आपल्या वाराला उभी. असं काम मिळालं असतं तर शेजारचा गाळा घेता आला असता, बायकांना पाळ्या लावता आल्या असत्या. तिनं ते आम्हाला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा दहावीच्या निकालाला होता तसा झाला होता. दादालाही आनंद झाला. त्यानं स्वतः जाऊन आंबेमोहोर आणला, पहिल्या दिवशी चव दाखवायला म्हणून.

कंपनीचा माणूस आला तो शुक्रवारी. तिशीचा असेल, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, वागायला नम्र. आम्ही तिघं त्याच्यासमोर बसलो. तो पोटभर जेवला, आमटी पुन्हा घेतली, बायकांना आत जाऊन नमस्कार करून आला. सगळं त्याला पसंत होतं. मग हात पुसत त्यानं सहज विचारलं.

“एकच विचारतो, फायनल कोण? म्हणजे गुरुवारी गाडी आली नाही, किंवा मेनू बदलायचा झाला, तर मी फोन कोणाला करू?”

मी लगेच धाकटीकडे बोट केलं. म्हटलं, कुठलाही दिवस असो, हिलाच करा, हिचा शब्द शेवटचा. माझा वार होता, मला बोलायचा अधिकार होता, असं मला वाटलं. धाकटीनं माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात दादानं घसा साफ केला.

“गुरुवारी मला करा,” तो म्हणाला. “गुरुवार माझा असतो.”

त्यात कुरघोडी नव्हती, हे मी आजही शपथेवर सांगेन. कोणी पत्ता विचारला की बरोबर पत्ता सांगावा, तसं तो बोलला. त्या माणसाला काही कळेना, म्हणून दादानं त्याला वार समजावून सांगितले. तो ऐकत होता, मान हलवत होता, आणि मला दिसत होतं की त्याच्या मनात हे काम कधीच संपलंय. उठताना तो म्हणाला, तुमचं आपसात ठरलं की कळवा. धाकटी त्याला रस्त्यापर्यंत सोडायला गेली. दादा माझ्याकडे वळला आणि त्यानं अगदी मनापासून विचारलं, मी चुकीचं बोललो का? खोटं सांगायचं होतं का त्याला? खोटं नव्हतंच ते. मी शिल्लक आंबेमोहोर डब्यात काढायला लागले.

रविवारी दुकान बंद असतं आणि त्या दिवशी आम्ही तिघं आईकडे जेवतो. नवरे, बायको, मुलं कोणी नाही, फक्त आम्ही चौघं, हाही आईचाच नियम. त्या रविवारी तिनं बसल्या बसल्या कांदे चिरून दिले आणि मी पिठलं केलं. धाकटीनं पहिला भात संपवला. मग ताटातली चटणी बोटानं बाजूला सारत तिनं आईला विचारलं.

“आई, एकाचं नाव घे. माझंच घे असं नाही. दादाचं घे, ताईचं घे. कोणाचंही घे, पण एकाचं.”

आई म्हणाली, वार आहेत की. धाकटी म्हणाली, वारांनी दुकान चालत नाही. आई म्हणाली, इतके दिवस चाललंय. मग तिनं पिठल्यावर झाकण ठेवलं. म्हणाली, मी गेल्यावर तुम्हाला काय करायचं ते करा.

“तू असताना कर. तू असताना केलंस तर आम्ही ऐकू,” धाकटी म्हणाली. “तू गेल्यावर आम्ही कोणाचं ऐकणार?”

मी दादाला म्हटलं, तू बोल. तू थोरला आहेस, तू म्हणालास की हिनं बघावं, तर संपलं. दादानं घास खाली ठेवला. म्हणाला, मी कधी नको म्हटलंय? आईनं आत्ता म्हणावं, मी उद्या किल्ल्या देतो. पण आई असताना मी कोण तिच्या वाटण्या मोडणारा? हे बोलताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी म्हटलं, मग तिघं मिळून ठरवू, आईला यात नकोच. तर आई म्हणाली, माझ्यासमोर नको. मी म्हटलं, बरं, तुझ्यामागे ठरवतो. ती म्हणाली, माझ्यामागे तर मुळीच नको.

म्हणजे बघा, चौघांनाही एकच हवं होतं, चौघंही एका सतरंजीवर बसलेले, आणि ते एक वाक्य कोणाच्या तोंडून बाहेर पडेना. आई पुन्हा भात वाढायला लागली. धाकटीचं ताट भरलेलं होतं, तरी त्यावर वाढत राहिली. शितं सतरंजीवर सांडत होती. मला इतकी चीड आली आणि इतकी कणव आली की मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. काय धुवायचं तेही आठवेना.

नंतर एका शनिवारी धाकटीनं तिचा वार नेहमीसारखा केला. उसळ केली, चिठ्ठ्या लावल्या, संध्याकाळी ओटा घासला. बायकांना जवळ बोलावून सांगितलं की सोमवारपासून ती खराडीला स्वतःचं स्वयंपाकघर सुरू करते आहे. कंपनीचं काम तिला मिळालं होतं, अर्थातच. तिथं फोन कोणाला करायचा हा प्रश्न नव्हता. मला तिनं आदल्या दिवशी सांगितलं होतं, माझ्या वाराला, आणि दादाला त्याच्या. प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या दिवशी. मी तिला थांब म्हणाले नाही. थांबून तिनं काय करावं ते मला सांगता आलं नसतं. एप्रनची घडी घालून खुंटीखालच्या फळीवर ठेवत ती म्हणाली, “ताई, रागावून जात नाहीये ग.” मला ते रागापेक्षा जड गेलं.

मंगळवारी संध्याकाळी मी आणि दादा बोललो. म्हटलं, तीन तीन दिवस करू, बुधवार तू घे, शनिवार मी घेते, किंवा उलट. आईला सांगायला दोघंही गेलो. ती खिडकीपाशी बसली होती. आमचं ऐकून घेतलं.

“बुधवार कोणी घ्यायचा नाही,” ती म्हणाली. “शनिवारही नाही. तिचे आहेत ते. ती आली तर?”

तर तेव्हापासून बुधवारी आणि शनिवारी दुकान उघडतं, पण वार कोणाचाच नसतो. मी आणि दादा दोघंही येतो आणि दोघंही नोकरासारखे वागतो. भाजी काय करायची ते बायका ठरवतात. खुर्ची रिकामी असते, तिच्यावर कोणी पिशवीसुद्धा ठेवत नाही. पहिल्या बुधवारी ते निवृत्त गृहस्थ आले, त्यांनी खुर्चीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं आणि नेहमीचा प्रश्न विचारायला तोंड उघडलं. मग त्यांनी नुसताच डबा पुढे केला. पुण्यातला माणूस बोलायची संधी सोडतो तेव्हा समजावं, आपली अवस्था बरी दिसत नसणार.

धाकटीचं चांगलं चाललंय. माझ्याशी रोज फोनवर बोलते, दादाच्या वाढदिवसाला शिरा घेऊन आली. भिंत नाही, अबोला नाही. कोणी विचारलं तर आम्ही सांगतो की तिनं तिकडे शाखा काढली आहे. शाखा नाही ती. पण आईला शाखा हा शब्द आवडला आणि तिनं तो सोसायटीत सगळीकडे सांगितला.

आईला दुपारचा डबा ऑपरेशन झाल्यापासून दुकानातून जातो. दुकानाच्या मागच्याच सोसायटीत राहते ती, मीच नेऊन देते. गेल्या पावसाळ्यात एकदा गेले तर टेबलावर दुसरा डबा होता. खराडीहून आलेला, डब्यावर चिठ्ठी: मुगाची उसळ, भाकरी, काकडीची कोशिंबीर. धाकटीची डब्यांची गाडी इकडे कुठेतरी येते, तिच्याबरोबर तिनं तो पाठवला होता, आणि आता रोज पाठवणार होती. मी म्हटलं, छान झालं, मग मी आमचा परत नेते. आई घाबरली. खरंच घाबरली, मी तिला इतकं घाबरलेलं ऑपरेशनच्या वेळीही पाहिलं नव्हतं. म्हणाली, नको नको, दादाला वाईट वाटेल, गुरुवार आहे आज. मग मी म्हटलं, धाकटीला सांगते पाठवू नको म्हणून. ती म्हणाली, तेही नको.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. धाकटी होती. आई म्हणाली, हो, आत्ताच जेवले, उसळ छान झाली होती, सगळी संपवली. फोन ठेवला. पाच मिनिटांनी दादाचा आला, आज रस्सा तिखट तर नाही ना झाला, म्हणून. आई म्हणाली, छे, मस्त होता, दोन पोळ्या खाल्ल्या. दोन्ही डबे टेबलावर झाकणासकट तसेच होते.

त्यानंतर मी रोज दुपारी तिकडेच असते. तिचं वय ऐंशीकडे चाललंय, तिला अर्धी पोळी पुरते. मी तिला सांगून बघितलं आहे, रागावून बघितलं आहे, हसून बघितलं आहे. एकदा तर म्हटलं, आई, ज्याच्या भीतीनं तू नाव घेतलं नाहीस ते तर झालंच की, मग आता तरी घे. ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मला वाटलं, आता बोलेल. तिनं दोन ताटल्या काढल्या. एकीत दादाचा रस्सा वाढला, एकीत धाकटीची उसळ, आणि दोन्ही माझ्यापुढे सरकवल्या.

“खा,” ती म्हणाली. “डबे रिकामे गेले पाहिजेत. आणि इथं जेवलीस असं दुकानात म्हणू नकोस.”

मी आधी रस्सा संपवला, मग उसळ. दोन्ही डबे घासून पालथे घातले आणि दुकानात आले. दादानं माझ्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. म्हणाला, जेवून घे, भूक लागली असेल.

मी म्हटलं, हो, लागली आहे.